अराबा एशुनची हनुवटी

अराबा एशुन मॉडेल झाली ती एका मंगळवारी, केंकीच्या, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या गोळ्यांच्या, रांगेत. झालं होतं एवढंच, की मागे उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईनं तिच्या पाठीवर टिचकी मारली आणि म्हणाली, "ए ताडमाड, जरा बाजूला हो की! पातेल्यात किती गोळे उरलेत ते दिसू दे." दुसरी एखादी मुलगी बाजूला झाली असती, नाहीतर भांडली असती. अराबानं तो शब्द जपून घरी नेला, आरशासमोर उभा केला, पुढून पाहिला, बाजूनं पाहिला, आणि केंकी गार व्हायच्या आत तिची खात्री पटली, की ताकोराडी शहरानं सतरा वर्षं आपल्याला ओळखलेलंच नाही.

शहराचा यात फारसा दोष नव्हता. शहर आपल्या कामात होतं.

त्याच दुपारी रेडिओवर जाहिरात झाली. राजधानी आक्राची एक कापड कंपनी नव्या छपाईच्या कापडासाठी नवा चेहरा शोधत होती. शनिवारी सकाळी नऊ वाजता, समुद्राकडच्या रस्त्यावरच्या हॉटेलात. येताना एक फोटो आणायचा, एवढा मोठा की भिंतीवर लावला तर दहा पावलांवरून चेहरा दिसला पाहिजे. परीक्षा संपून आठवडा झाला होता, निकालाला दोन महिने होते. अराबाला वाटलं, रेडिओवाला तिचं नाव घ्यायचं तेवढा विसरला.

तिची आई प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका होती आणि घरी आल्यावर ती नोकरी दाराबाहेर ठेवत नसे. वडील बोटीवर, महिनोन्महिने समुद्रात. फोनवर ते सगळ्याला "हो" म्हणायचे आणि मग लाट यायची. त्यामुळे निर्णय आईच्याच हातात.

"एकदाच," आई वह्या तपासता तपासता म्हणाली. "शनिवारी निवडलं तर निवडलं. नाही निवडलं तर सोमवारी नर्सिंग कॉलेजचा फॉर्म भरायचा, आणि या घरात पाच मिनिटांच्या वर कुणी आरशापुढे उभं राहायचं नाही. कळलं?"

"कळलं."

"कळलं, काय?"

"कळलं, आई," अराबा म्हणाली. मनात म्हणाली, फॉर्म मांजर खाईल.

आता फोटो काढायचा म्हणजे उभं राहायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा विषय सोडून द्यावा. अराबानं रात्रभर मोबाइलवर धडे पाहिले. कुठल्याशा थंड देशातली एक वाळकी बाई शिकवत होती: वजन मागच्या पायावर. पुढचा गुडघा किंचित वाकलेला. हाताची बोटं अशी, की त्यात कोंबडीचं अंडं आहे आणि ते फुटता कामा नये. हसायचं डोळ्यांनी; ओठांचा त्यात संबंध नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हनुवटी. हनुवटी आधी पुढे काढायची, कासवानं डोकं काढावं तशी, आणि मग खाली घ्यायची. त्यानं म्हणे मान लांब दिसते. अराबाची मान आधीच अशी होती की गळ्यातली माळ खांद्यापर्यंत पोचायला वेळ लागे. तरी तिनं कासव केलं. उजाडेपर्यंत केलं. मान धरली, तेव्हा कुठे तिला वाटलं की काहीतरी जमतंय.

पण ताकोराडीत फोटो कसा काढावा हे कळत नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय. इथली पद्धत ठरलेली. पाय जुळवायचे. पर्स पोटावर धरायची, म्हणजे पर्स दिसते आणि पोट झाकतं. शेजारी कुंडी हवी, नसेल तर प्लास्टिकची फुलं. आणि चेहरा असा, की समोर पाद्री उभा आहे आणि विचारतोय, गेल्या रविवारी कुठे होता?

शेजारच्या फेलिशिया आंटी कुंपणावरून म्हणाल्या, "दोन्ही कान दिसू देत गं. एकच कान दिसला की लोक दुसऱ्याबद्दल बोलतात."

"आंटी, हा फॅशनचा फोटो आहे."

"मग काय फॅशनमध्ये एकच कान असतो?"

आई म्हणाली, "दात दाखव. दोन वर्षं मी तुला दंतवैद्याकडे ओढत नेलीय. ते दिसू देत कंपनीला."

एकुआ आजी ही वडिलांची आत्या. वय एक्क्याऐंशी. पन्नास वर्षं बाजारात धुरावलेले मासे विकले, आणि त्या पन्नास वर्षांत तिच्याशी घासाघीस करून जिंकलेला माणूस अजून सापडलेला नाही. कानानं कमी ऐकायची, पण डोळ्यांनी भरपाई करायची. अराबा खुर्चीत बसून, हात गालाला लावून, दूर कुठेतरी बघण्याचा सराव करत होती, तर आजीनं काठी आपटली.

"कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, आजी. पोझ आहे."

"मग काढ तो हात. घरात सगळे धडधाकट असताना गाल धरून बसायचं नसतं. आणि ही मान अशी खाली का? काय चोरलंस?"

"मान नाही, हनुवटी!"

"हनुवटी मानेलाच असते," आजी म्हणाली आणि विषय संपला असं समजून निघून गेली. अराबानं तिच्या पाठीकडे फार दयेनं पाहिलं. म्हाताऱ्या माणसांना कलेतलं काय कळणार?

बुधवारी कपड्यांचा प्रश्न आला. डॉर्कस आंटी शिवणकामात अशी, की तिच्या दुकानात कापड टाकलं की नातवंडं ते घालतात. अराबाचा निळा-पांढरा ड्रेस शुक्रवारी देते, लाइट गेली होती, मशीन रुसलं होतं, सुई चर्चमध्ये राहिली. कारणं ऐकत अराबा दुकानात नजर फिरवत होती, तर खिळ्याला एक काबा, बायकांचा ठेवणीतला झगा, लटकत होता. काळा. वर लाल वेलबुट्टी. खांद्यावर असा फुगा, की घालणारीला दरवाजातून तिरकं जावं लागावं. तिनं अंगाला लावून पाहिला. जणू तिच्याच मापाचा!

"तो ठेव खाली," डॉर्कस आंटी तोंडातल्या टाचण्यांसकट म्हणाली. "गिऱ्हाइकाचा आहे. शनिवारी तिच्या काकांची अंत्ययात्रा. काळं-लाल दिसत नाही का तुला?"

ताकोराडीत दोन वर्षांचं मूलसुद्धा सांगेल, काळं-लाल म्हणजे कुणीतरी गेलं. अराबालाही ठाऊक होतं. पण अराबा आता ताकोराडीत राहिली नव्हती. ती मनानं केव्हाच पुढे गेली होती.

"आंटी, बाहेरच्या जगात या दोन रंगांना फार मान आहे. कॅमेऱ्यात नुसते उठून दिसतात. एका तासासाठी द्या. तुम्ही शिवलेला ड्रेस आक्राची कंपनी बघेल."

टाचण्या बाहेर आल्या. "माझं नाव सांगशील?"

"मोठ्यानं सांगेन."

माणसाची तत्त्वं किती खोल असतात ते टाचणीनं मोजता येतं. एका तासाच्या बोलीवर काबा अराबाच्या अंगावर आला.

फोटोग्राफर म्हणजे मिस्टर अमिसा. दुकानाचं नाव 'त्याची कृपा डिजिटल: फोटो आणि पोस्टर'. ताकोराडीतल्या प्रत्येक भिंतीवर अमिसांचं काम पाहायला मिळतं, कारण या शहरात कुणी गेलं की दोन दिवसांत त्याचं रंगीत पोस्टर चौकाचौकांत लागतं: मधोमध तो माणूस राजासारखा बसलेला, मागे ढग, दोन कबुतरं, वर मथळा, खाली नाव आणि वय. मथळे वयावर. सत्तरी ओलांडली असेल तर 'कृतार्थ जीवनाचा सोहळा'. पन्नाशी-साठीत गेला तर 'देवाघरचं बोलावणं'. आणि चाळिशीच्या आत असेल तर 'केवढा हा धक्का!' बिनफोटोचे म्हातारे गेले तर त्यांचं डोकं ओळखपत्रावरून घेऊन अमिसा दुसऱ्याच्या सुटात बसवत. गावात म्हणत, की एकाच निळ्या सुटात आजवर अठ्ठावीस जण स्वर्गात गेले.

"बस, बेटी," अमिसांनी उंच पाठीची कोरीव खुर्ची पुढे ओढली.

"मी उभी राहणार आहे."

"उभं कुणी राहत नाही माझ्याकडे," अमिसा म्हणाले, आणि आता विचार केला तर ते खरंच बोलत होते.

तरी अराबा उभी राहिली. वजन मागच्या पायावर. अंडं हातात. कासव बाहेर. दुकानाला दार नव्हतं, नुसती चौकट, आणि समोर बसचा थांबा. बघता बघता चौकटीत पाच-सहा जण जमले. बसला उशीर होता. करमणूक हवी होती.

"हिची मान आखडलीय का?"

"नाही हो, सासूला घाबरलीय."

"बेटी, कंबरेवर हात ठेव की! काही हरवलंय का जमिनीवर?"

"डोळ्यांनी हसतेय मी!" अराबा ओरडली.

"मग जरा तोंडालाही सांग!"

अपमान सोसण्याची पण एक पोझ असते. ती मात्र वाळक्या बाईनं शिकवली नव्हती. अराबाचा मागचा पाय थरथरायला लागला, निघून जायला गेली तर खांद्याचा फुगा चौकटीत अडकला, आणि ती मागे येऊन मटकन त्या कोरीव खुर्चीत बसली. रागानं ओठ घट्ट मिटलेले. हनुवटी पुढे आणि खाली. डोळे वर, थेट कॅमेऱ्यात, अशी नजर की कॅमेऱ्याचं चुकलं असेल तर त्यानं आत्ताच कबूल करावं. खटकन बटण दाबलं गेलं. अमिसांनी फोटो पडद्यावर दाखवला. बस आली, तरी चौकटीतले दोघं चढले नाहीत.

खरं सांगायचं तर फोटो अप्रतिम होता. एवढं त्या मुलीला द्यावंच लागेल.

काबा तासाभरात परत गेला, आणि अराबा घरी आली ती तरंगतच. राहिला होता फक्त मजकूर. कंपनीला फोटोखाली नाव आणि वय हवं होतं. अराबाच्या मोबाइलचं चार्जिंग संपलेलं, म्हणून गुरुवारी आईनं आपल्या मोबाइलवरून अमिसांना निरोप पाठवला. आईचे निरोप शाळेच्या सूचनाफलकासारखे असतात. त्यात प्रेम, शुभेच्छा वगैरे भरताड नसतं.

'अराबा एशुन. वय १७. शनिवार, सकाळी ९. मोठ्या आकारात. तातडीचं.'

उत्तर म्हणून जोडलेल्या हातांचं चित्र आलं. "सभ्य माणूस," आई म्हणाली.

अमिसांकडे आठवड्याला असे चाळीस निरोप येतात. नाव, वय, शनिवार, मोठं, तातडीचं. अंत्यविधी शनिवारीच असतात, आणि मेलेल्या माणसाइतकं तातडीचं काही नसतं. बुधवारी समोर बसलेली पोर त्यांना आठवली. काळं-लाल आठवलं. ती करारी नजर आठवली. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि ढग उघडले.

शुक्रवारी दुपारी आई शाळेत, आजी आत झोपलेली, आणि अराबा उद्याच्या तयारीत. धड्यातल्या बाईनं आदल्या दिवशी तोंडाला कसलीशी माती लावायला सांगितली होती. अराबानं बाजारातून पांढरी माती आणून, कालवून, केसांपासून गळ्यापर्यंत फासली होती. डोक्याला टॉवेल, अंगाला जुनी लुंगी. तेवढ्यात फाटक वाजलं.

पाच बायका. सगळ्या काळ्या-लाल कपड्यांत, डोक्यावरची फडकी भुवयांपर्यंत ओढलेली, नजर जमिनीवर. पुढे शामा गावची एसी आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण. अराबाला वाटलं, कुठल्यातरी अंत्ययात्रेहून येताहेत. विचारायची सोय नव्हती. पाहुणा आला की आधी बसवायचं, मग पाणी द्यायचं, आणि पाणी प्यायल्यावरच कशासाठी आलात ते विचारायचं. त्याआधी पाहुणाही बोलत नाही आणि घरचाही. घराला आग लागल्याचं सांगायला आलेला माणूससुद्धा आधी पाणी पितो.

अराबानं ट्रे घेतला. संधी मिळालीच आहे तर, म्हणून चालही तीच धरली: एका रेषेत पाऊल, खांदे मागे. पाच बायकांनी मान वर न करता पाच पेले उचलले. कुणी घरकामाची मुलगी असेल, त्यांना वाटलं. घरात कुणी मोठं जागं नव्हतं, तेव्हा शिष्टाचाराचं वाक्य अराबालाच म्हणावं लागलं. तिनं पडल्या आवाजात म्हटलं, "आमच्याकडे सगळं ठीक आहे. वाट तुम्ही चालून आलात. काय निमित्तानं येणं झालं?"

"सगळं ठीक आहे म्हणते!" एक बाई हुंदका देऊन म्हणाली आणि पाचही जणी हमसून हमसून रडायला लागल्या.

एसी आत्यानं घसा साफ केला. "आम्ही काही वाईट घेऊन आलो नाही. वाईट आधीच येऊन गेलंय. सकाळी गावातून मासे घेऊन आलेल्या ड्रायव्हरनं सांगितलं, बाजाराच्या चौकात पोस्टर पाहिलं. अशा गोष्टी फोनवर विचारायच्या नसतात, म्हणून आलो. अराबा! अगं अराबा!"

अराबा "ओ" म्हणणार होती. पण मोठी माणसं निमित्त सांगत असताना मध्ये बोलणं म्हणजे फार वाईट वळण. ती ट्रे छातीशी धरून उभी राहिली.

"काय पोर होती," आत्या म्हणाली. "काय चालणं, काय वागणं! मोठ्यांपुढे कधी शब्द नाही. हुशार तर एवढी, की मास्तर तिच्याकडून शिकायचे."

हीच आत्या ईस्टरला भर जेवणात म्हणाली होती, की या पोरीला नवरा बघायचा तर आधी शिडी बघा. अराबाला हळूहळू उमगायला लागलं होतं. थंडगार काहीतरी पाठीतून उतरलं. कुणीही शहाणी मुलगी इथे थांबून सगळा घोळ निस्तरती. पण सतरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नीट बोलत होतं. अर्ध्यावर कसं तोडायचं?

"स्वभावही गोड," दुसरी म्हणाली.

"मधासारखा," तिसरी म्हणाली, जी तिला आयुष्यात एकदाच भेटली होती.

अराबाला राहवलं नाही. अगदी हलक्या आवाजात तिनं विचारलं, "आणि उंची?"

"उंची!" आत्या कळवळली. "राणीसारखी उंची! असं वाटायचं, नुसतं बघत राहावं." आणि बघायला म्हणून तिनं मान वर केली.

समोर अराबा होती. पांढरीफटक. हनुवटी पुढे आणि खाली.

पुढच्या अर्ध्या मिनिटाचा नीट हिशेब कुणालाच लागलेला नाही. तीन पेले फुटले. एक बाई कुंपणातून पलीकडे गेली, आणि त्या कुंपणाला आजवर भोक नव्हतं. दुसरीनं डोळे मिटून भजन धरलं आणि भलत्याच पट्टीत धरलं. त्या गोंगाटानं एकुआ आजी उठून बाहेर आली. तिनं काळं-लाल पाहिलं आणि रीतसर, कोण गेलं हे न विचारता, दोन्ही हात डोक्यावर ठेवून हंबरडा फोडला. रडण्याच्या बाबतीत आजी आधी काम करायची, चौकशी मागाहून.

"कोण गेलं?" श्वास घ्यायला थांबून तिनं विचारलं.

"अराबा!"

"अराबा?" आजीनं हात खाली घेतले. "मगाशी तर माझी तळलेली केळी खाऊन गेली."

एसी आत्या मग सावकाश उठली, अराबाच्या गालाला बोट लावलं, माती पाहिली, आणि तिचा चेहराच पालटला. "म्हणजे तू जिवंत आहेस? आणि आम्ही गाडी करून, उपाशीपोटी, रडत रडत आलो ते कशाला? निर्लज्ज! उभी राहून ऐकतेय! आणि हे तोंडाला काय फासलंयस, राखेत लोळलेल्या मांजरासारखं?"

राणी गेली, मध गेला, मास्तरही गेले. सगळी स्तुती पाच जणींनी पाच मिनिटांत परत घेतली.

फेलिशिया आंटी कुंपणाच्या नव्या भोकातून आत येत म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, दोन्ही कान दिसू देत."

तेवढ्यात आई आली. शाळा सुटायला अजून दोन तास होते. तिच्या हातात एक पोस्टर होतं, भिंतीवरून ओरबाडून काढलेलं, कोपऱ्याला चुना लागलेलं. ती कुणाशी बोलली नाही. सरळ अराबापाशी गेली, दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले आणि तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, गणित तपासावं तसं.

"सकाळी तुला चहा पिताना पाहिलं होतं मी," ती म्हणाली. "मला माहीत होतं. छापखान्याची चूक आहे हे मला उभ्या उभ्या कळलं होतं." मग ती खाली बसली, तिथेच, फुटलेल्या पेल्यांशेजारी. "तरी चौकातून इथपर्यंत मी धावत आले."

मादाम एशुनला धावताना ताकोराडीनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. अराबाला काय करावं सुचेना. तिनं आईला पाणी दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर मात्र आई मुख्याध्यापिका झाली आणि दोघी 'त्याची कृपा'त पोचल्या. अमिसांनी अराबाला पाहिलं, पोस्टर चिकटवायची बादली हातातून सोडली, आणि "परमेश्वरा, ही घ्यायला आली!" असं म्हणून कोरीव खुर्चीमागे बसले.

"बाहेर या," आई म्हणाली. "काय आहे हे?"

"मादाम, बुधवारी पोर इथे बसली होती. गुरुवारी निरोप आला. मी म्हटलं, बघा माणसाचा भरवसा! मी रडलो, मादाम. अख्ख्या दुकानात एकटा रडलो. एकाऐवजी चाळीस छापले, माझ्या मनानं, आणि स्वतः चिकटवले. पोरीसाठी एवढंही करू नको?"

"निरोपात कुठे लिहिलं होतं की ती गेली?"

"कुठल्याच निरोपात लिहीत नाहीत, मादाम," अमिसा खरोखरच्या दुःखानं म्हणाले. "एवढ्या शोकात कोण लिहिणार?"

आईनं मोबाइल काढला, आपलाच निरोप पुन्हा वाचला, आणि तो तपासायला पर्समध्ये लाल पेन शोधलं.

दुसरा फोटो काढायला काबा नव्हता. तो उद्याच्या अंत्ययात्रेसाठी इस्त्रीला गेला होता. मशीनमधली शाई अमिसांनी चाळीस पोस्टरांवर संपवली होती. शनिवारी सकाळी अराबानं शिल्लक राहिलेल्या एका पोस्टरचा मथळा कात्रीनं कापला, ढग कापले, कबुतरं कापली. डाव्या कबुतराचा एक पंख मात्र तिच्या कानाला चिकटून राहिला. तो कापायचा तर कान जात होता, आणि फेलिशिया आंटी बघत होत्या.

हॉटेलच्या हॉलमध्ये तीसेक मुली. अराबा रांगेत उभी राहिली आणि पुढची मुलगी चार पावलं पुढे गेली, मागची सहा पावलं मागे. एवढी मोकळी जागा त्या रांगेत दुसऱ्या कुणाला मिळाली नाही. कंपनीच्या बाईनं फोटो हातात घेतला, लांब धरला, दहा पावलं मागे गेली. मग अराबाकडे पाहिलं. मग पुन्हा फोटोकडे.

"मुली, काल आम्ही गाडीतून गावात शिरलो तेव्हा चौदा ठिकाणी तू होतीस."

"छपाईची चूक, मादाम."

"या हनुवटीनं मला गाडी थांबवायला लावली. मी उतरले. तुझ्यासाठी प्रार्थना केली." तिनं कानाशी राहिलेला पंख नखानं खरवडून पाहिला. "इथल्या फोटोंमध्ये हा सगळ्यात चांगला आहे. पण मी कापड विकते. हे कापड नेसलेली मुलगी गेली, असं लोक म्हणणार. एक वारही खपणार नाही."

निवडली गेली ती दुसरीच, पर्स पोटावर धरून, दात दाखवत उभी असलेली. दोन्ही कान दिसत होते.

सोमवारी नर्सिंगचा फॉर्म जेवणाच्या टेबलावर होता आणि शेजारी पेन. अराबा पेन धरून बसली, हात गालाला लावून. काठी आपटायला आजी जागेवर नव्हतीच. ती अंगणात होती, आपल्या सगळ्यात चांगल्या कपड्यांत, पोवळ्यांची माळ घालून. तिच्यामागे चर्चच्या आणखी सहा म्हाताऱ्या, सगळ्या नटलेल्या, आणि मागे रिक्षात कोरीव खुर्ची घेऊन मिस्टर अमिसा, ओशाळलेले.

"चल," आजी म्हणाली. "आमचे फोटो काढायचेत. शेवटचे."

"आजी!"

"आजी काय? माझी बहीण गेली तेव्हा या माणसानं तिला निळ्या सुटात बसवली. माझं पोस्टर तुझ्यासारखं पाहिजे. गाड्या थांबल्या पाहिजेत. हे अमिसा म्हणतात, कॅमेरा त्यांचा आहे, पण ती नजर तुझी. शिकव आम्हाला."

अराबानं आईकडे पाहिलं. आईनं सहा म्हाताऱ्यांकडे पाहिलं. त्यातल्या दोघींनी आईलाच लहानपणी पाढे शिकवले होते. तिनं फॉर्म उचलला, कपाटावर ठेवला आणि वर वह्यांचा गठ्ठा ठेवला. "निकाल लागेपर्यंत," ती म्हणाली. "निकालानंतर हा फॉर्म खाली येईल. आणि आज हसायला सांगू नकोस त्यांना. दात नाहीत त्यांना."

अंगणात खुर्ची मांडली. एकुआ आजी बसली. अराबानं पदर नीट केला, पाय सारखे केले, बोटांत अंडं दिलं. मागे सरकून पाहिलं.

"आजी, आता हनुवटी थोडी खाली."

"नाही."

"खाली घेतली की मान लांब दिसते."

"एक्क्याऐंशी वर्षांत खाली घेतली नाही. आणि आता ज्या दिवशी अख्खं गाव मला बघायला येणार, त्याच दिवशी घेऊ?"

अराबा पुन्हा सांगायला पुढे झाली आणि मध्येच थांबली. म्हातारी खुर्चीत अशी बसली होती, की घासाघीस करायला आलेलं कुणीही दुरूनच परत जावं. थंड देशातल्या त्या वाळक्या बाईला हे कधी जमलं नसतं. "काढा," अराबा अमिसांना म्हणाली.

अमिसांनी काढला. वही काढली. "नाव एकुआ एशुन. वय एक्क्याऐंशी. म्हणजे मथळा, 'कृतार्थ जीवनाचा सोहळा'."

"नको ते," आजी म्हणाली. "'केवढा हा धक्का!' लिही."

"आजी, ते चाळिशीच्या आतल्यांना असतं."

"लिही म्हणते ना," आजी खुर्चीतून न उठता म्हणाली. "या गावाला वाटतंय मी जाणारच नाही."